टर्बो केवढा हवा? आधी हवा मोजा!

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना दोनदा म्हटलं गेलेलं गाळलं आहे. गणिताच्या पायऱ्या वाचायला सोप्या जाव्यात म्हणून वेगळ्या ओळीत दिल्या आहेत.)

पनवेलहून बोलतोय. आजचा भाग गाडीवाल्यांसाठी आहे, पण गाडी नसली तरी ऐका. आज आपण जे गणित करणार आहोत त्याला गुणाकार-भागाकाराच्या पलीकडे काही लागत नाही. मोबाइलचा कॅल्क्युलेटर तेवढा उघडून ठेवा.

एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला होता. नाव सांगत नाही, खांदा कॉलनीत राहतो, जुनी डिझेल स्विफ्ट घेतलीय. तो म्हणतो, "दादा, घाटात ट्रकच्या मागे अडकलो की गाडी दबते. एक मेकॅनिक म्हणतोय, माझ्याकडे ट्रकचा टर्बो पडलाय, बसवून देतो, रॉकेट होईल. बसवू का?"

उत्तर आधीच देऊन टाकतो: नको. पण नुसतं 'नको' म्हणून भागत नाही. उद्या दुसरा कुणी म्हणेल, ट्रकचा नको तर बोलेरोचा बसव. परवा तिसरा म्हणेल, ऑनलाइन मागव. कुणाचं खरं मानायचं? म्हणून हे गणित. ते एकदा आलं की समोरच्याला तुम्ही एकच प्रश्न विचाराल: "हा टर्बो मिनिटाला किती किलो हवा देतो?" याचं उत्तर ज्याच्याकडे नाही, त्याच्याकडे गाडी सोडायची नाही.

टर्बो नेमकं काय करतो

इंजिनाची ताकद इंधनातून येते, हे आपल्याला माहीत असतं. पण इंधन जाळायला हवा लागते, आणि अडचण तिथेच असते. डिझेल जास्त सोडणं सोपं आहे. ते जाळायला पुरेल एवढी हवा सिलिंडरमध्ये कोंबणं अवघड. हवा कमी पडली की न जळलेलं डिझेल काळा धूर होऊन सायलेन्सरमधून बाहेर पडतं.

टर्बोत एकाच दांड्यावर दोन चाकं असतात. एक धुराच्या वाटेवर, त्याला टर्बाइन म्हणतात. दुसरं हवेच्या वाटेवर, तो कॉम्प्रेसर. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर पहिलं चाक फिरवतो, त्याच्याबरोबर दुसरं फिरतं आणि ताजी हवा दाबून आत ढकलतं. छोट्या गाडीच्या टर्बोचा दांडा मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्याही वर जाऊ शकतो. आल्फ्रेड बुखी या स्विस इंजिनिअरने १९०५ साली या कल्पनेचं पेटंट घेतलं. म्हणजे कल्पना सव्वाशे वर्षांची होत आली.

आता यातली मेख बघा. टर्बो इंजिनाला हवा देतो, पण टर्बोला फिरवायला धूर इंजिनानेच द्यायचा असतो. इंजिन लहान असेल तर धूर कमी. धूर कमी असेल तर मोठं चाक फिरणार नाही. चाक फिरलं नाही तर हवा नाही. हवा नाही म्हणून धूर आणखी कमी. मोठा टर्बो म्हणजे जास्त ताकद हे समीकरण इथेच फसतं.

पहिला आकडा: इंजिन स्वतःहून किती हवा ओढतं

उदाहरणाला तेच स्विफ्टचं इंजिन घेऊ. १.३ लिटर मल्टिजेट, मारुतीच्या गाडीवर डीडीआयएस, टाटांच्या गाडीवर क्वाड्राजेट. नेमकी क्षमता १२४८ सीसी, म्हणजे १.२४८ लिटर. भारतात ते इतक्या कंपन्यांच्या इतक्या गाड्यांत बसलं की लोक त्याला गमतीने 'राष्ट्रीय इंजिन' म्हणायचे. आपल्याकडे पुण्याजवळ रांजणगावच्या फियाटच्या कारखान्यातही ते बनायचं. २०२० मध्ये बीएस-६ नियम आले आणि ते थांबलं. पण पनवेलच्या रस्त्यावर आजही दहा मिनिटं उभे राहा, दोन-चार तरी दिसतील.

हे फोर स्ट्रोक इंजिन आहे. म्हणजे प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच हवा आत घेतो. ४००० आरपीएमवर मिनिटाला ४००० फेऱ्या, म्हणून पूर्ण क्षमतेएवढी हवा २००० वेळा आत.

१.२४८ × २००० = २४९६ लिटर प्रति मिनिट.

पण सिलिंडर कधी शंभर टक्के भरत नाही. घाईत हंडा नळाखाली धरला की काठोकाठ भरत नाही, तसंच. व्हॉल्व्ह उघडा राहतो तो वेळ कमी, वाट अरुंद. हे किती टक्के भरतं त्याला व्हॉल्यूमेट्रिक एफिशिअन्सी म्हणतात. अशा डिझेल इंजिनासाठी ८५ टक्के धरणं बरोबर.

२४९६ × ०.८५ = साधारण २१२० लिटर, म्हणजे २.१२ घनमीटर प्रति मिनिट.

आता लिटरवरून किलोवर यायचं. कारण इंधन जळतं ते हवेच्या वजनाच्या हिशेबाने, आकारमानाच्या नाही. पनवेल समुद्रसपाटीला जवळपास लागून आहे. इथे ३० अंश तापमानाला एक घनमीटर कोरडी हवा १.१६५ किलोची असते.

२.१२ × १.१६५ = साधारण २.५ किलो प्रति मिनिट.

हा आपला पहिला आकडा. टर्बो नसेल तर हे इंजिन ४००० आरपीएमवर मिनिटाला अडीच किलो हवा ओढेल.

दुसरा आकडा: किती हवा पाहिजे

आता उलट बाजूने येऊ. आपल्याला या इंजिनातून ९० पीएस ताकद हवी आहे असं धरू. ९० का, ते पुढे कळेल.

९० पीएस म्हणजे ६६ किलोवॉट. डिझेल इंजिन पूर्ण जोरात असताना एका किलोवॉटसाठी तासाला साधारण २५० ग्रॅम डिझेल खातं.

६६ × ०.२५ = १६.५ किलो डिझेल प्रति तास.
१६.५ ÷ ६० = ०.२७५ किलो प्रति मिनिट.

एक किलो डिझेल पूर्ण जळायला कागदावर साधारण साडेचौदा किलो हवा लागते. पण डिझेल इंजिनात इंधन आणि हवा आधीपासून नीट मिसळलेली नसते. फवारा अगदी शेवटच्या क्षणी उडतो. म्हणून धूर होऊ नये यासाठी हवा जास्तीची द्यावी लागते. आपण एकास वीस धरू.

०.२७५ × २० = ५.५ किलो प्रति मिनिट.

म्हणजे हवी साडेपाच किलो आणि इंजिन स्वतःहून ओढतं अडीच. मधला फरक टर्बोने भरायचा. टर्बो निवडणं म्हणजे हा फरक भरणारा नेमका माणूस शोधणं.

पेट्रोलवाल्यांनी नाराज होऊ नका, तुमचंही करू. टाटा नेक्सॉनचं १.२ लिटर टर्बो पेट्रोल घ्या, १२० पीएस म्हणजे ८८ किलोवॉट. पेट्रोल पूर्ण जोरात किलोवॉटला तासाला ३०० ग्रॅम धरा, आणि हवा एकास बारा.

८८ × ०.३ = २६.४ किलो पेट्रोल प्रति तास.
२६.४ ÷ ६० × १२ = साधारण ५.३ किलो हवा प्रति मिनिट.

बघा गंमत! १२० पीएसचं पेट्रोल आणि ९० पीएसचं डिझेल, दोघांना हवा जवळजवळ सारखीच लागते. म्हणून 'माझ्या मित्राच्या गाडीत हा टर्बो १२० देतो, माझ्यातही देईल' हा तर्क चालत नाही. इंधन बदललं की हिशेब बदलतो. टर्बोचे तक्ते बऱ्याचदा पाउंडमध्ये असतात. किलोला २.२ ने गुणलं की पाउंड. ५.३ किलो म्हणजे पावणेबारा पाउंड. पेट्रोलसाठी एक पाउंड हवेला साधारण दहा पीएस, हा ठोकताळा लक्षात ठेवा. अंदाजाला पुरतो.

तिसरा आकडा: दाब किती

परत डिझेलवर. साडेपाच किलो हवा २.१२ घनमीटर जागेत बसवायची आहे.

५.५ ÷ २.१२ = २.६ किलो प्रति घनमीटर.

बाहेरची हवा १.१६५ ची. म्हणजे सव्वादोन पट दाट करायची. इथे पुष्कळ जण घसरतात. त्यांना वाटतं, दाब सव्वादोन पट केला की झालं. पण हवा दाबली की तापते. सायकलमध्ये पंपाने हवा भरताना पंपाचं खालचं टोक हाताला चटका देतं ना, तेच. आणि तापलेली हवा फुगते, म्हणून तेवढीच दाट करायला दाब जास्त द्यावा लागतो. यासाठीच मध्ये इंटरकूलर असतो. तो हवा थंड करून पुढे पाठवतो. इंटरकूलरनंतर हवा ५५ अंशांची धरली तर लागणारा दाब येतो साधारण २.४५ बार. हा वातावरणाचा दाब धरून. मीटरवर जो 'बूस्ट' दिसतो तो वातावरणाच्या वरचा, म्हणजे १.४ बारच्या आसपास.

अजून दोन किरकोळ तोटे धरू. एअर फिल्टरमधून येताना हवेचा दाब थोडा पडतो, इंटरकूलरमधून जाताना आणखी थोडा. म्हणजे कॉम्प्रेसरला ०.९८ बारची हवा मिळते आणि त्याने २.५३ बारची द्यायची.

२.५३ ÷ ०.९८ = २.५८.

याला म्हणतात प्रेशर रेशो. आता हातात दोन आकडे आहेत: हवा ५.५ किलो प्रति मिनिट, प्रेशर रेशो २.५८. टर्बो निवडायला हीच जोडी लागते.

नकाशा वाचायचा कसा

प्रत्येक चांगल्या टर्बोचा एक नकाशा असतो, कॉम्प्रेसर मॅप. आडव्या रेषेवर हवा, उभ्या रेषेवर प्रेशर रेशो. आत गोल-गोल रेषा, डोंगराच्या नकाशावर असतात तशा. मधल्या गोलात कॉम्प्रेसर सगळ्यात कार्यक्षम, बाहेर गेलात की कमी. म्हणजे हवा विनाकारण जास्त तापते. आपल्याच आकड्यांवर बघा. ७० टक्के कार्यक्षमतेच्या जागी असलात तर ३० अंशांची हवा कॉम्प्रेसरमधून साधारण १६५ अंशांनी बाहेर पडेल. ६० टक्क्यांच्या जागी गेलात तर १८५ च्या पुढे. दाब तोच, उष्णता वीस अंश जास्त.

नकाशाच्या उजव्या कडेला चोक. म्हणजे टर्बो लहान पडला, आणखी हवा देऊच शकत नाही. डाव्या कडेला सर्ज. म्हणजे टर्बो मोठा पडला. दाब तयार झालाय, पण इंजिन तेवढी हवा घेतच नाही. मग हवा उलटी फिरते, परत येते, परत उलटी. फडफड असा आवाज येतो. काहींना तो आवाज आवडतो, मुद्दाम रील काढतात. प्रत्यक्षात त्या वेळी दांडा आणि बेअरिंग मार खात असतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: नकाशावर एक ठिपका काढून थांबायचं नाही. ४००० आरपीएमचा ठिपका हा कंपनीच्या जाहिरातीतला आकडा. तुम्ही गाडी चालवता ती १५०० ते २५०० मध्ये. म्हणून खालचाही ठिपका काढा. स्विफ्टचं हे इंजिन २००० आरपीएमला १९० न्यूटन मीटर टॉर्क देतं. तोच हिशेब तिथे केला तर हवा लागते मिनिटाला साधारण २.६ किलो आणि प्रेशर रेशो २.३ च्या आसपास. बघा, हवा निम्मीहून कमी झाली, दाब मात्र फारसा उतरला नाही. म्हणून खालचा ठिपका सरळ डावीकडे सरकतो, सर्जच्या रेषेकडे. दोन्ही ठिपके एकाच टर्बोच्या नकाशात बसले पाहिजेत. टर्बो निवडण्याचं खरं कौशल्य एवढंच.

आता ट्रकचा टर्बो

कळंबोलीच्या स्टील मार्केटला जे ट्रक उभे असतात, त्यांतल्या कित्येकांत ५.९ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन असायचं. त्याचा हिशेब लावू. हे इंजिन १२०० आरपीएमवर, म्हणजे अगदी निवांत चालताना:

५.९ × ६०० × ०.८५ = साधारण ३००० लिटर, म्हणजे ३ घनमीटर प्रति मिनिट.

बूस्टने हवा दोन किलो प्रति घनमीटर दाट झाली असं धरलं, तर मिनिटाला सहा किलो.

आता शेजारी ठेवा. ट्रक १२०० वर रमतगमत चाललाय तेव्हा घेतो सहा किलो. तुमची स्विफ्ट ४००० वर जीव काढून पळते तेव्हा घेते साडेपाच. म्हणजे ट्रकच्या टर्बोसाठी तुमचं इंजिन सुरूच झालेलं नाही! त्याचा नकाशा जिथे सुरू होतो तिथे तुमचा संपतो.

मग बसवल्यावर होतं काय? बहुतेक वेळ काहीच नाही. टर्बाइनचं चाक जड, धुराची वाट रुंद, तुमचा धूर तुटपुंजा. बूस्टच तयार होत नाही. इंजिनाच्या कॉम्प्युटरला सेन्सरवरून दिसतं की हवा कमी आहे, तो डिझेल कमी करतो, चेक इंजिनचा दिवा लागतो. घाटात आधी दबत होती, आता बसते. मग मेकॅनिक म्हणतो, रिमॅप करू, डिझेलची मर्यादा काढून टाकू. आता डिझेल जास्त आणि हवा तेवढीच. काळा धूर, धुराचं तापमान वर, आणि लांब चढावर पिस्टन वितळायची वेळ. टर्बो स्वस्तात मिळाला असेल, इंजिन स्वस्तात मिळत नाही.

एक इंजिन, दोन टर्बो

मग ९० पीएस का घेतले ते सांगतो. हेच १२४८ सीसीचं इंजिन भारतात दोन रूपांत मिळायचं. स्विफ्ट, डिझायरमध्ये ७५ पीएस, १९० न्यूटन मीटर, २००० आरपीएमला. अर्टिगा, सियाझ, एसएक्स-४ मध्ये ९० पीएस, २०० न्यूटन मीटर, १७५० आरपीएमला. सीसी तेच. मोठा फरक टर्बोचा.

७५ च्या रूपात टर्बाइनची वाट कायम एका मापाची. ९० च्या रूपात व्हेरिएबल जिओमेट्री, म्हणजे टर्बाइनभोवती हलणाऱ्या पात्या. बागेला पाणी घालताना पाइपच्या तोंडावर अंगठा ठेवला की पाणी लांब उडतं ना? पाणी तेवढंच, वेग जास्त. तसं आरपीएम कमी असताना पात्या मिटतात, थोड्याच धुराला वेग येतो, चाक लवकर फिरतं. आरपीएम वाढले की पात्या उघडतात आणि वाट मोकळी होते. एकाच टर्बोत लहान आणि मोठा दोन्ही.

यात शिकण्यासारखं काय? वरची ताकद १५ पीएसने वाढवताना कंपनीने खालचा टॉर्क २००० वरून १७५० वर आणला. खालचा ठिपका सोडला नाही. आपल्या गल्लीतला 'मोठा टर्बो' नेमका याच्या उलट वागतो: कागदावर वरची ताकद वाढवतो आणि खालचा ठिपका ३००० च्या पुढे ढकलतो. बोरघाटात ट्रकला ओव्हरटेक करताना ३००० ची वाट बघत बसायला वेळ नसतो. समोरून गाडी येत असते. हा फक्त पैशांचा प्रश्न नाही, मंडळी.

घाट, उकाडा आणि आपला पाऊस

आपण पनवेलच्या हवेचा हिशेब केला. लोणावळा सव्वासहाशे मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब साधारण सात टक्क्यांनी कमी. तेवढीच हवा इंजिनात भरायची तर प्रेशर रेशो २.५८ वरून जवळपास २.८ वर जातो. म्हणजे टर्बोला जास्त वेगाने फिरावं लागतं. पनवेलला अगदी काठावर बसवलेला टर्बो लोणावळ्याला काठाबाहेर. लेह साडेतीन हजार मीटरवर, तिथे दाब समुद्रसपाटीच्या ६५ टक्के. तोच हिशेब केला तर रेशो चारच्या वर येतो. एवढं छोटा टर्बो देत नाही, म्हणून कॉम्प्युटर स्वतःच ताकद कमी करतो. लडाख ट्रिपला गाडी 'आजारी' वाटते त्यात हे एक मोठं कारण.

मे महिन्यात पनवेलला ४० अंश झाले की हवा ३० अंशांच्या मानाने तीन टक्के हलकी. पावसाळ्यातल्या दमट हवेत वाफ जागा खाते. ३० अंश आणि ९० टक्के आर्द्रतेला जवळजवळ पावणेचार टक्के जागा वाफेची, आणि वाफेत जळायला उपयोगी ऑक्सिजन नसतो. म्हणून टर्बो निवडताना थोडी सैल जागा ठेवायची. शाळेचा गणवेश शिवताना ठेवतात तशी. पण दोन बोटं, दोन हात नव्हे.

मग करायचं काय

सगळ्यात आधी फुकटचा उपाय. घाटात चौथ्या गिअरमध्ये १५०० वर गाडी दबत असेल तर तिसरा टाका. आरपीएम २००० च्या पुढे जातील आणि टर्बो त्याच्या नकाशात येईल. घाट चढताना गिअर खाली घेणं कमीपणाचं नाही. शिंग्रोबाच्या देवळापाशी नाणं टाकून पुढे जाणारे जुने ड्रायव्हर अनेक वर्षं हेच करत आलेत.

दुसरं, आहे तो टर्बो पूर्ण काम करतोय का ते बघा. एअर फिल्टर चोंदलाय का? इंटरकूलरच्या रबरी पाइपला चीर आहे का, क्लिप सैल आहे का? पाइपच्या सांध्याला बाहेरून तेल आणि धूळ चिकटलेली दिसली तर तिथून हवा गळत असण्याची शक्यता. ईजीआर कार्बनने भरलाय का? टर्बोवर दाब राखणारा ॲक्च्युएटर हलतो का? ओबीडी स्कॅनर लावून चढावर बूस्ट वाचा. कॉम्प्युटर मागतोय किती आणि मिळतोय किती, दोन्ही दिसतात. मागणी आणि पुरवठा जुळत नसेल तर टर्बो लहान नाही, आजारी आहे. जुन्या गाडीत बहुधा हेच निघतं.

तिसरं, तेल. टर्बोचा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. तेल वेळेवर बदला, आणि घाट जोरात चढून थांबलात तर लगेच किल्ली फिरवू नका, मिनिटभर इंजिन चालू ठेवा.

चौथं, कायदा. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की गाडीची मूळ रचना कंपनीने दिलेल्या तपशिलाबाहेर बदलता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनी बदललेल्या टर्बोवर बोट ठेवू शकते. ज्यांना खरंच प्रोजेक्ट करायचाय, ट्रॅकसाठी किंवा कॉलेजच्या स्पर्धेसाठी, त्यांनी हेच गणित वापरून बिनधास्त करावं. सार्वजनिक रस्त्यावर मात्र नाही.

आजचा गृहपाठ

स्वतःच्या गाडीचे तीन आकडे शोधा: किती लिटरचं इंजिन, जास्तीत जास्त ताकद किती आरपीएमला, जास्तीत जास्त टॉर्क किती आरपीएमला. मग:

लिटर × आरपीएम ÷ २ × ०.८५ = इंजिन ओढतं ते लिटर.
त्याला १००० ने भागा आणि १.१६५ ने गुणा = टर्बोशिवाय किती किलो.
किलोवॉट × ०.२५ ÷ ६० × २० = डिझेलला किती किलो हवी.
किलोवॉट × ०.३ ÷ ६० × १२ = पेट्रोलला किती किलो हवी.

दोन्ही ठिपक्यांसाठी करा, वरच्या आणि खालच्या. टॉर्कच्या ठिकाणी किलोवॉट काढायला न्यूटन मीटरला आरपीएमने गुणा आणि ९५५० ने भागा. खालच्या ठिपक्याला इंजिन तुलनेने कमी इंधन खातं, म्हणून डिझेलसाठी तिथे ०.२५ ऐवजी ०.२२ आणि वीसऐवजी अठरा घ्या. मी स्विफ्टच्या २.६ किलोला तेच घेतलं होतं. पेट्रोलला खालच्या ठिपक्यालाही वरचेच आकडे धरले तरी अंदाजाला चालतील.

उत्तरं व्हॉट्सॲपवर पाठवा, गाडीचं नाव लिहून. ज्यांचे आकडे विचित्र येतील त्यांनी तर नक्की पाठवा, कारण पुढच्या भागात तेच सोडवू. पुढच्या वेळी टर्बाइनच्या बाजूचं बोलायचंय, ते 'ए बाय आर' म्हणतात ते काय असतं आणि वेस्टगेट कधी उघडतो. तोपर्यंत गाडी जपून चालवा, घाटात गिअर खाली ठेवा. भेटू!